बदली शिक्षिकेने वर्गात विणावे का?
बदली शिक्षिकेने वर्गात विणकाम करावे की नाही, या प्रश्नाला बहुतेकांनी शिस्तीच्या अंगाने उत्तर दिले आहे. मला त्यात विणीचाही विचार जोडावासा वाटतो. शिकवताना किंवा परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या वेळी सुया पिशवीतच राहाव्यात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र रजेवर गेलेल्या शिक्षकांनी नेमून दिलेला स्वाध्याय मुले शांतपणे सोडवत असतील आणि मुख्याध्यापकांची परवानगी असेल, तर विणायला हरकत नसावी.

अशा तासाला जाळीची किंवा वेण्यांची वीण घेऊ नये, कारण टाके मोजताना नजर वर्गावरून हटते आणि मध्येच कोणी शंका विचारली की ओळ चुकते. सगळ्या ओळी सुलट टाक्यांच्या असलेला साधा मफलर उत्तम: हात आपोआप चालतात, कडा गुंडाळल्या जात नाहीत आणि काम केव्हाही बाजूला ठेवता येते. धातूच्या सुयांपेक्षा बांबूच्या सुया बऱ्या. त्यांचा आवाज कमी होतो व टाके सहसा निसटत नाहीत.

अनोळखी वर्गात, जिथे आपण दोन दिवसांचे पाहुणे असतो, तिथे विणकामाचा आणखी एक उपयोग मी अनुभवला आहे. मागच्या बाकावरचा, हजेरीलाही नीट उत्तर न देणारा मुलगा तास संपल्यावर टेबलाजवळ घुटमळतो. लोकरीचा एक फास दुसऱ्यातून कसा ओढला जातो हे त्याला सावकाश दाखवले, की पुढच्या वेळी तोच स्वतःहून फळा पुसायला येतो. सुई त्याच्या हातात द्यावी की नाही, हे मात्र शाळेचे नियम पाहूनच ठरवावे.