मदत हवी आहे: प्रणोदकाविना अवकाशयान चालवण्याच्या बाजूने प्रामाणिकपणे काय बोलता येईल?

नमस्कार.

मुंबईतील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या बारावीच्या एका विद्यार्थिनीच्या वाट्याला आंतरमहाविद्यालयीन वादस्पर्धेत ‘प्रणोदक न वापरता अवकाशयान चालवणे विज्ञानाच्या चौकटीत शक्य आहे’ या विषयाची अनुकूल बाजू आली आहे. (प्रणोदक म्हणजे रेटा मिळवण्यासाठी यान मागे फेकते तो पदार्थ.) तिची तयारी करून घेणे माझ्याकडे आहे, आणि या बाजूने किती पुढे जावे यावर तिचे नि माझे मत जुळत नाही. अवकाश-अभियांत्रिकीत किंवा सूक्ष्म बलांच्या मोजमापात काम केलेले सदस्य येथे असतील, तर त्यांचे साहाय्य हवे आहे.

माझी समजूत अशी. यानाला पुढे जायचे तर तेवढाच संवेग उलट दिशेने कोणाला तरी मिळाला पाहिजे. मात्र तो घेणारी वस्तू यानाने टाकीत भरूनच नेली पाहिजे, असे नाही. जपानच्या ‘इकारोस’ने २०१० मध्ये चौदा मीटर बाजूचे चौरस शीड उलगडून केवळ सूर्यप्रकाशाच्या दाबावर सुमारे १.१ मिलिन्यूटन रेटा मिळवला. तेथे संवेग प्रकाशाने आणून दिला. ‘व्हॉयेजर’ यानांचा वेग गुरूजवळून जाताना वाढला, तेव्हा गुरूने आपल्या कक्षीय संवेगातला, त्याच्या दृष्टीने नगण्य, असा वाटा दिला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहाने लांब वाहक तार सोडून तिच्यातून विद्युतप्रवाह नेला, तर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्या तारेला ढकलते आणि उलट धक्का पृथ्वीला बसतो. ही उदाहरणे तिने निःशंकपणे वापरावीत, आणि माझ्या मते तिच्या बाजूला ती पुरेशी आहेत.

तिला मात्र बंद पेटी हवी आहे. ब्रिटिश अभियंता रॉजर शॉयर यांच्या ‘एमड्राइव्ह’मध्ये शंकूछेदाच्या आकाराच्या तांब्याच्या बंद पोकळीत मायक्रोवेव्ह सोडतात, बाहेर काहीही पडत नाही, तरीही पोकळी एका दिशेने रेटली जाते, असा दावा आहे. नासाच्या ‘ईगलवर्क्स’ प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड व्हाइट आणि सहकाऱ्यांचा, निर्वातात दर किलोवॉटमागे १.२ मिलिन्यूटन रेटा मोजल्याचे सांगणारा निबंध २०१६ मध्ये ‘जर्नल ऑफ प्रोपल्शन अँड पॉवर’ या नियतकालिकात आला. तज्ज्ञांनी तपासून छापलेले मोजमाप केवळ नियमात बसत नाही म्हणून नाकारणे हेच अवैज्ञानिक नाही का, असे ती विचारते. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला ‘पुस्तकात तसे लिहिले आहे’ एवढेच उत्तर देण्याची माझी इच्छा नाही.

म्हणून मी तिला ऊर्जेचा हिशेब मांडून दाखवला. स्थिर शक्ती पुरवून स्थिर रेटा मिळत असेल, तर यानाच्या गतिज ऊर्जेत दर सेकंदाला रेटा गुणिले वेग इतकी भर पडते. वरचा आकडा घेतला तर सेकंदाला सुमारे ८३३ किलोमीटर वेगाच्या पुढे ही भर पुरवलेल्या शक्तीहून अधिक होते, म्हणजे यंत्र शून्यातून ऊर्जा निर्माण करू लागते. निव्वळ प्रकाशाचा झोत मागे सोडणाऱ्या यानाला दर किलोवॉटमागे जेमतेम ३.३ मायक्रोन्यूटन मिळतात. तेथे हीच मर्यादा बरोबर प्रकाशाच्या वेगावर जाते आणि विसंगती उरत नाही. हा मेळ मला फार सुंदर वाटतो. त्यावर तिने विचारले, ‘वेग वाढेल तसा रेटा घटत असेल तर?’

तेव्हा, रेटा घटतो असे धरूनही हा युक्तिवाद टिकतो का? आणि ते छापून आलेले मोजमाप कोठे फसले, हे बारावीच्या पातळीवर कसे सांगावे?

प्रतिसाद १

ताई, युक्तिवाद टिकतो. त्याला दोन गोष्टी जोडाव्या लागतील.

पहिली, प्रतिपक्ष हाच हिशेब साध्या यानावर उलटवू शकतो. ‘डॉन’ यानाच्या आयन इंजिनाला (ते विद्युतभारित झेनॉन वायू मागे फेकते) सुमारे २.३ किलोवॉट शक्तीवर ९० मिलिन्यूटनच्या आसपास रेटा मिळे, म्हणजे तेथे ती मर्यादा सेकंदाला पंचवीस-सव्वीस किलोमीटरवरच येते, आणि सूर्याच्या संदर्भात यानांचे वेग याच घरातले असतात. तरीही ऊर्जा फुकट मिळत नाही, कारण मागे फेकलेल्या झेनॉनजवळ यानाबरोबर धावताना स्वतःची गतिज ऊर्जा होती आणि बाहेर पडताना ती बदलते. प्रणोदकाचा हा हिस्सा धरला की जमाखर्च जुळतो. बंद पेटीच्या हिशेबात असा दुसरा भागीदारच नाही.

दुसरी, ‘वेग वाढेल तसा रेटा घटतो’ म्हणताना तो वेग कोणाच्या संदर्भात, हे सांगावे लागते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, आणि महास्फोटानंतर उरलेल्या, विश्वभर पसरलेल्या पार्श्वप्रारणाच्या संदर्भात सूर्यमाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने चालली आहे. निसर्गात एखादी खास स्थिर चौकट असेल आणि रेटा त्या चौकटीतील वेगावर अवलंबून असेल, तर पेटीचे तोंड फिरवल्यावर आणि ऋतू बदलल्यावर तो बदलताना दिसला पाहिजे. तसा बदल कोणी दाखवलेला नाही. अवकाशात सगळी ठिकाणे सारखीच असण्यातून संवेगाची अक्षय्यता निघते, हे गणितज्ञ एमी नोएथर यांच्या १९१८ च्या प्रमेयातून कळते. त्यामुळे बंद पेटी मानायची तर हा एक नियम सोडून भागत नाही, त्याखालचा पायाही सोडावा लागतो.

प्रतिसाद २

मोजमापाविषयी लिहितो. पोकळीपर्यंत शक्ती नेणाऱ्या तारांतून प्रवाह वाहतो आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. २ अँपिअर वाहून नेणाऱ्या, त्या क्षेत्राला काटकोनात असलेल्या ५ सेंटीमीटर तारेवर त्यामुळे ४ मायक्रोन्यूटन बल येते, आणि हे गणित आपली विद्यार्थिनी फळ्यावर स्वतः सोडवू शकेल. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातील मार्टिन टाजमार यांच्या गटाने २०१८ मध्ये पोकळीत जाणारी शक्ती मध्येच जवळजवळ पूर्णपणे रोखून धरली, तरी ‘रेटा’ तेवढाच राहिला. तो पोकळीतून येत नव्हता, हे त्यातून उघड झाले. २०२१ मध्ये त्याच गटाने ईगलवर्क्सच्या धर्तीच्या पोकळीची मांडणी सुधारल्यावर तो नाहीसाच झाला. तापलेले भाग प्रसरण पावून गुरुत्वमध्य सरकतो आणि संवेदनशील तराजूला ते बल भासते, असे त्यांना आढळले.

म्हणून तिच्या प्रश्नाला उत्तर असे द्यावे की, मोजमाप नियमात बसले नाही म्हणून कोणी टाकून दिले नाही. ते पुन्हा, अधिक काटेकोरपणे केले गेले. छपाईपूर्वी निबंध तपासणारे तज्ज्ञ प्रयोग स्वतः करून पाहत नसतात.

याच जातीची जुनी उपकरणे म्हणजे आतील वजने झटक्याने हलवून पुढे सरकणारी यंत्रे. चाकांच्या खुर्चीवर पाय उचलून अंग झटकले तर खुर्ची सरकते, कारण हळू हालचालीत चाकांचे घर्षण तिला धरून ठेवते आणि झटक्याला ते अपुरे पडते. अवकाशात ते घर्षण मिळणार नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. झेनॉनचा मुद्दा माझ्याकडून सुटला असता. आणखी एक विचारते: केवळ स्वतःजवळच्या ऊर्जेवर, काहीही न फेकता, खरोखर ढकलले गेलेले एखादे यान आहे का? तसे उदाहरण मिळाले तर बंद पेटीचा हट्ट ती सोडेल, असे वाटते.

प्रतिसाद १

आहे, आणि ते अपघाताने घडलेले आहे. ‘पायोनियर १०’ आणि ‘११’ या यानांत सूर्याच्या दिशेने सुमारे ८.७ × १०⁻¹⁰ मीटर प्रति वर्ग सेकंद इतके अनाकलनीय त्वरण अनेक वर्षे दिसत होते. गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलण्यापर्यंत चर्चा गेली होती. २०१२ मध्ये स्लावा तुरिशेव्ह आणि सहकाऱ्यांनी जुनी माहिती तपासून दाखवले की, यानावरील अणुऊर्जेच्या विद्युतजनित्राची आणि उपकरणांची उष्णता सर्व दिशांना सारखी बाहेर पडत नव्हती. यानाचे वस्तुमान अडीचशे किलोग्रॅमच्या आसपास धरले तर एवढ्या त्वरणाला एका दिशेने सुमारे ६५ वॉट जादा प्रारण पुरते, आणि जनित्राची एकूण उष्णता दोन हजार वॉटहून अधिक होती.

तिने हे उदाहरण घ्यावे आणि त्याची किंमतही स्वतःच सांगावी: या मार्गाने १ न्यूटन रेटा हवा असेल तर ३०० मेगावॉट लागतात. प्रतिपक्ष हा आकडा काढणारच आहे.