मदत हवी आहे: नववीतच अकरावीचं गणित, सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो. मुलगी नववीत, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. शाळेचं गणित तिला पुरत नाही, पुढचं स्वतःच शिकायचं म्हणते. क्लास नको यावर ती ठाम आहे (फीचे आकडे ऐकून मीही).

एनसीईआरटीची अकरावीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत, ती उतरवून घेतली. तिला थेट कॅल्क्युलस हवंय. माझं मत, आधी त्रिकोणमिती आणि फलनं (फंक्शन्स) पक्की व्हावीत, नाहीतर नुसती सूत्रं पाठ होतील. दुसरी वाट ऑलिंपियाडची. आयओक्यूएमला (गणित ऑलिंपियाडची पहिली पात्रता परीक्षा) आठवीपासून बसता येतं, पण तिथे कॅल्क्युलस लागतच नाही. तिथे लागतं ते संख्या सिद्धांत, भूमिती, बीजगणित आणि कॉम्बिनेटोरिक्स (किती प्रकारे, हे मोजण्याचं गणित), तेही खोलात. म्हणजे तयारी अगदीच वेगळी.

दोन्ही एकदम झेपेल असं वाटत नाही, पुढच्या वर्षी दहावी आहेच. तुमच्यापैकी कुणाच्या मुलांनी असा स्वतः अभ्यास केलाय का? आधी काय धरलं? अडलेलं गणित कुणाला विचारायचे? आणि सोलापुरात ऑलिंपियाडची तयारी करणारी मुलं असतील तर जरूर कळवा, तिला सोबत मिळेल.