बारावी ए ग्रुप, बडोदा : केमिकल, कॉम्प्युटर की बी.एस्सी. केमिस्ट्री?

रावपुरा_मावशी
नमस्कार मंडळी. भाची गुजरात बोर्डाची, ए ग्रुप (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित). केमिस्ट्री जीव लावून करते, गणित बरं आहे. तिचं मन केमिकल इंजिनीअरिंगकडे, घरचे म्हणतात कॉम्प्युटर, आणि शाळेतल्या बाईंनी बी.एस्सी. सुचवलंय. जमेल तर बडोद्यातच शिकायचंय. चॉइस फिलिंग (कॉलेज आणि ब्रँचची पसंतीयादी भरणं) तोंडावर आलंय. माहीतगारांनी जरा सविस्तर लिहा.

प्रोसेसवाला
मावशी, केमिस्ट्री आवडते एवढ्यावर केमिकल घेणारी मुलं दुसऱ्या वर्षी अडकतात. फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर, थर्मोडायनॅमिक्स, प्रोसेस कंट्रोल... हे सगळं फिजिक्स आणि गणित. रिअॅक्शनची समीकरणं आठवून इथे भागत नाही.

एक उदाहरण देतो. चंचुपात्रात 50 मिलिलिटरवर गुण्यागोविंदाने होणारी क्रिया 5,000 लिटरच्या रिअॅक्टरमध्ये हाताबाहेर जाऊ शकते. आकारमान 1 लाख पट झालं, पण त्याच आकाराच्या भांड्याची भिंत वाढली फक्त 2,150 पटीच्या आसपास. उष्णता तयार होते आकारमानाच्या हिशोबाने आणि बाहेर जाते भिंतीतून. मग थंड कसं ठेवायचं? भांड्याभोवती थंड पाण्याचं जॅकेट, आतली कॉइल, का दुसरा पदार्थ थेंबाथेंबाने सोडायचा? हा प्रश्न तिला ओढत असेल तर केमिकल डोळे झाकून घ्या.

तपासायचं असेल तर हे गणित तिला द्या, फॉर्म्युला सांगू नका : 1,000 किलो मिठाचं पाणी, त्यात 10% मीठ. उकळून 25% करायचंय. किती माल उरेल, किती पाणी उडेल? उत्तर चुकलं तरी हरकत नाही, अर्धा तास ती त्याच्याशी झटते का ते बघा.

करखडी_बी_शिफ्ट
नोकऱ्यांबद्दल. कोयलीची रिफायनरी, जीएसएफसी (खतांचा कारखाना), नंदेसरी जीआयडीसी (औद्योगिक वसाहत), पादऱ्याकडे करखडीचे फार्मा प्लांट, पुढे अंकलेश्वर आणि दहेज. एवढा केमिकल पट्टा दाराशी असणं मोठी गोष्ट आहे. पण पहिली नोकरी बहुतेकांना प्रॉडक्शनमध्येच लागते. ट्रेनी इंजिनीअर म्हणून पाळ्या, बॅच शीट (प्रत्येक घाण्याची नोंद), लॉगबुक, पंप ट्रिप झाला की धावपळ, मेंटेनन्सला वर्क परमिट (काम सुरू करायची लेखी परवानगी) देणं. प्लांट हाताखालून गेल्यावर टेक्निकल सर्व्हिसेस, सेफ्टी, ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) किंवा प्लॅनिंगकडे वळता येतं.

प्रोसेस डिझाइनच्या ऑफिसमध्ये एसीत बसून पी अँड आय डी (प्लांटच्या पाइप आणि उपकरणांचे नकाशे) काढायचं स्वप्न सगळ्यांचं असतं. बडोद्यात अशी ऑफिसं आहेत, फ्रेशरच्या जागा मात्र थोड्या. त्यासाठी तिसऱ्या वर्षापासून हायसिस किंवा अॅस्पेन प्लस ही प्लांटचा हिशोब करणारी सॉफ्टवेअर शिकावीत, आणि त्याआधी तोच डिस्टिलेशन कॉलम (उकळून द्रव वेगळे करणारा मनोरा) एकदा तरी हाताने सोडवावा. नाहीतर सॉफ्टवेअर चुकीचं उत्तर देतं आणि मुलाखतीत ते ओळखता येत नाही.

सरकारी कंपन्यांचं डोक्यात असेल तर गेट (इंजिनीअरिंगची देशपातळीवरची परीक्षा) : 65 प्रश्न, 100 गुण, 3 तास. तयारी तिसऱ्या वर्षी सुरू करावी.

मुलगी आहे म्हणून केमिकल नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नोकरी घेताना मात्र थेट विचारायचं : रात्रपाळी आहे का, नेण्या-आणण्याची बस दारापर्यंत येते का, पाळीत अजून किती बायका आहेत.

सयाजीगंज
घरचे कॉम्प्युटर म्हणतात त्यात वावगं काही नाही, पण तिथे पदवीपेक्षा कोडिंगची परीक्षा दार उघडते. बऱ्याच आयटी कंपन्या कॅम्पसला सगळ्या ब्रँचना बसू देतात. केमिकलची मुलगी पायथन शिकून तिकडे जाऊ शकते, कॉम्प्युटरवाली रिअॅक्टर चालवायला येऊ शकत नाही. तरी भाचीला तासन् तास प्रोग्रॅम लिहायला आवडत असेल तर कॉम्प्युटरच घ्या. आवड नसताना घेतलं की चार वर्षं नुसती रेटावी लागतात.

कॉलेजचा प्लेसमेंटचा कागद नीट वाचा. समजा वर्गात 60, नोंदणी 40 जणांची, नोकरी 30 जणांना. जाहिरातीत 75% छापतात, वर्गाच्या मानाने ते 50% होतं. सरासरी पॅकेज विचारू नका, मधल्या मुलाला किती मिळाले ते विचारा. एकाला 20 लाख आणि नऊ जणांना 4-4 लाख असले तरी सरासरी 5 लाख 60 हजार दिसते. सीटीसीमध्ये (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरतात, म्हणून हातात किती पडतात हा वेगळा प्रश्न.

चॉइस फिलिंगला एकच चूक पुन्हा पुन्हा होते. "हे मिळणार नाही" म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकतात. वाटप मेरिटनुसार तुमच्या यादीच्या वरून खाली जातं. वरची जागा मागितल्याने खालची हातची जात नाही. म्हणून यादी निव्वळ आवडीच्या क्रमाने भरा. एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी पहिली टाका. 1890 च्या कलाभवनातून उभी राहिलेली ही फॅकल्टी, रसायनशास्त्रज्ञ त्रि. क. गज्जरांनी तिथेच रंगांचं रसायनशास्त्र शिकवायला घेतलं होतं. नडियादचं धर्मसिंह देसाई आणि अहमदाबादचं एल. डी. ही यादीत हवीत. जागा मिळाल्यावर फी भरायची तारीख चुकली तर जागा जाते, पावती काढून ठेवा.

क्यूसी_लॅब
बी.एस्सी. थोडक्यात. रेणूच खुणावत असतील तर उत्तम, पण नुसत्या बी.एस्सी.वर फार्माच्या क्यूसीमध्ये (मालाची गुणवत्ता तपासणारी लॅब) एचपीएलसी आणि टायट्रेशन या रोजच्या चाचण्यांवर बरीच वर्षं जातात. एम.एस्सी. ऑरगॅनिक किंवा अॅनॅलिटिकल धरूनच निघा, आणि त्यासाठी आयआयटीची जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा लक्षात असू द्या.

रावपुरा_मावशी
सगळ्यांचे मनापासून आभार. गणित दिलं. आधी 250 किलो म्हणाली, मग स्वतःच खोडलं, कागदावर भांडं काढलं आणि 400 किलो माल, 600 किलो पाणी लिहून आणलं. बरोबर आहे?

प्रोसेसवाला
अगदी बरोबर. 250 ही पहिली चूक जवळपास सगळ्यांची होते, 25% सुरुवातीच्या वजनाचे धरले जातात. मीठ उडत नाही, 100 किलो तेवढंच राहतं, हे तिचं तिला सुचलं याला फार किंमत आहे.

आता पुढचं द्या. 100 अंशांवर 1 किलो पाण्याची वाफ करायला 2,257 किलोज्यूल लागतात, म्हणजे 600 किलोला साडेतेरा लाखांच्या वर. पाणी आत येताना 30 अंशांवर असेल तर ते तापवायची उष्णता वेगळी, ती विसरते का बघा. एका भांड्यात 1 किलो वाफ देऊन 1 किलोही पाणी उडत नाही, म्हणून कारखान्यात तीन-चार भांडी ओळीने लावतात आणि पहिल्यातून निघालेली वाफ दुसऱ्याला तापवायला देतात. पण त्यासाठी दुसऱ्या भांड्यातला दाब पहिल्यापेक्षा कमी ठेवावा लागतो. का, ते तिला विचारा. उकळणबिंदूपासून सुरुवात कर म्हणावं.