शब्दचर्चा: टोचन, ओढ आणि उलाळ

सीमेवरची (बेळगाव):
उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात छोटा ट्रेलर तयार होतोय. एकच आख, आत दोघांपुरता बिछाना, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. थार किंवा स्कॉर्पिओच्या मागे लावून फिरायला न्यायचा. त्याचं माहितीपत्रक मराठी आणि कन्नडमध्ये करायचंय. कन्नडची बाजू धारवाडची मैत्रीण बघतेय, मराठी माझ्याकडे आहे आणि मी तीन शब्दांवर अडलेय. 'टोइंग'ला सरळ 'टोचन' लिहू का? 'टोइंग कपॅसिटी'ला काय म्हणावं? आणि 'टंग वेट'ला, म्हणजे ट्रेलरच्या दांडीचं टोक गाडीच्या हूकवर जे वजन टाकतं त्याला? मशीनला विचारलं तर 'जिभेचे वजन' असं उत्तर आलं. ते छापलं तर गिऱ्हाईक ट्रेलरऐवजी माझ्याकडेच बघत बसेल.

नट_बोल्ट (निपाणी):
टोचन नको ओ ताई. टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी. तवंदी घाटात कुणाचा गिअरबॉक्स बसला की आम्हाला फोन येतो, 'टोचन करून न्यायला या.' शब्द आला टो-चेनवरून, पण आता दोर लावला काय नि लोखंडी बार लावला काय, सगळं टोचनच. त्यात मागच्या गाडीच्या स्टेअरिंगवर माणूस बसलेला असतो, वळण तो घेतो, ब्रेक तो मारतो. ट्रेलरमध्ये कोण बसतंय? 'ट्रेलर टोचन करून आणला' म्हणालात तर समोरचा पहिलं हेच विचारणार, काय मोडलं?

चंदगडी:
सहमत. शहरात पोलीस नेतात त्याला तर टोचनही म्हणत नाहीत, 'गाडी उचलली' म्हणतात. इथे साधं 'ओढणे' पुरे. ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो, बैल गाडी ओढतात, थार ट्रेलर ओढेल. जोडण्याच्या क्रियेला मात्र 'जुंपणे' लिहा अशी माझी शिफारस. युगचं जुग, जुगचं जू, आणि त्या जुवाला बांधायचं ते जुंपणं. 'जोडणे' म्हटलं की दोन पाइपही जोडता येतात. जुंपण्यात एक पुढे, एक मागे आणि पुढच्याने ओढायचं हे सगळं आलंच.

सीमेवरची:
'जुंपणे' आवडलं, पण आजची मुलं म्हणतील भांडण जुंपलं. 'ओढ' घेते. मग कपॅसिटीला 'ओढक्षमता'?

शुद्धमती (पुणे):
ट्रेलरलाच मराठी शब्द का नको? 'अनुयान' सुचवते. मागून जाणारं ते अनुयान.

नट_बोल्ट:
यान वर जातंय, आमचं जांबोटीलाच जायचं आहे. ट्रेलर राहू द्या.

चंदगडी:
अगदी. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची व्याख्याच 'मोटार वाहनाने ओढलेले किंवा ओढण्यासाठी असलेले वाहन' अशा आशयाची आहे. साइडकार आणि सेमी-ट्रेलर त्यातून वगळलेत. पाहा, तिथेही ओढच आहे.

'ओढक्षमता' चालेल, पण त्याच पानावर एक फरक ठळक करा, नाहीतर शब्द बरोबर आणि गिऱ्हाईक गोत्यात. ओढणं वेगळं, वाहणं वेगळं. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्याच चाकांवर असतं, ते गाडी ओढते. दांडीचं टोक हूकवर जेवढं टेकतं, तेवढं वजन गाडी वाहते, आणि ते गाडीतल्या माणसांच्या नि सामानाच्या वजनात मिळवायचं असतं. चार दारांच्या जीप रँग्लरला अमेरिकेत बरीच वर्षं ३५०० पौंड, म्हणजे सुमारे १५९० किलो ओढायची मर्यादा होती. तिकडच्या हिशेबाने दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. म्हणजे एवढा मोठा ट्रेलर लावला, तर १६० ते २४० किलो हूकवरच बसले. वर चार माणसं आणि टपावर तंबू म्हटल्यावर मागची स्प्रिंग काय सांगते ते बघा. ओढक्षमतेचा आकडा बघून खूश होणारे इथेच फसतात.

मलप्रभाकाठ (खानापूर):
ताई, तुमच्या 'जिभेच्या वजना'चं उत्तर बैलगाडीत आहे. तुमचा ट्रेलर दोन चाकांचा, बैलगाडीही दोन चाकांची, आणि दोन्हींत आख हाच काटा. मागे जास्त भरलं की गाडी उलाळते. दांडी वर, जू वर, आणि गळ्याखालचा पट्टा बैलाला आवळतो. पुढे जास्त भरलं की सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणून भरणारा जाणता लागतो, वजन आखाच्या किंचित पुढे ठेवणारा. चढ आला की गाडीवान सरकून पुढे दांडीवर येतो, कारण चढावर वजन मागे झुकतं. आमच्याकडचे कन्नड शेजारी गाडीला चक्कडी म्हणतात, जुवाला नोग, पण भरायची रीत तीच. तुमच्या धारवाडच्या मैत्रिणीला 'नोग' सांगा, तिचंही काम होईल.

तेव्हा टंग वेट म्हणजे 'दांडीभार'. आणि तो कमी पडला तर 'ट्रेलर उलाळ आहे' असं बिनधास्त लिहा. बेळगावपासून चिकोडीपर्यंत ज्याच्या घरी कधी गाडी होती त्याला फोड करून सांगावी लागणार नाही.

नट_बोल्ट:
काका, दांडीभार फस्क्लास. फक्त ट्रॅक्टरवाल्यांना तो कळेल असं धरू नका. सीझनमध्ये कारखान्याकडे जाणाऱ्या चार चाकी ट्रॉलीची दांडी बिजागरीवर असते, वरखाली मोकळी. ती हूकवर जवळजवळ काहीच भार टाकत नाही. तिला फक्त ओढायचं. त्यामुळे 'वीस वर्षं ट्रॉली ओढतोय' म्हणणारा माणूससुद्धा एका आखाचा ट्रेलर भरताना पाण्याची टाकी नि गॅसची टाकी बिनदिक्कत मागे ठेवतो.

मोजायचं कसं तेही पत्रकात द्या. वजनकाट्यावर आधी भरलेला ट्रेलर सुटा करून तोला. मग गाडीला लावून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवा. फरक तोच दांडीभार.

सीमेवरची:
घेतलं. 'दांडीभार' आणि 'उलाळ' दोन्ही. आता शेवटचा, 'स्वे'. वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे फिरू लागतो तो. 'डोलणे' लिहिलं होतं.

मलप्रभाकाठ:
डोलतात पिकं. ते बघून कुणी घाबरत नाही.

चंदगडी:
'शेपटी मारणे' लिहा. उलाळ ट्रेलर शेपटी मारतो, वाक्य सरळ बसतं. आणि लगेच खाली: ब्रेक दाबू नका, स्टेअरिंगने त्याच्याशी झटू नका, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या. चोर्ला घाटाच्या उतारावर आधीपासूनच खालच्या गिअरमध्ये.

नट_बोल्ट:
शेपटी मारणं आणि 'प्ले' यांची मात्र सरमिसळ नको. हूकचा गोळा आणि वरची वाटी यांच्यात जागा राहिली की खडखड होते, तो प्ले. युरोपी मापाचा गोळा ५० मिलिमीटरचा, अमेरिकी वाटी २ इंचांची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. एकमेकांत बसल्यासारखी वाटतात, पण जोडी जुळत नाही. तुमच्या वर्कशॉपला विचारा कुठल्या मापाचं घेतलंय, आणि तो आकडा पत्रकात पहिल्या पानावर टाका.