पटायाची रात्र: तुम्ही काय पाहिलंत? (अनुभव धागा)

पटायाचं नाव काढलं की आपल्याकडे कोणीतरी डोळा मिचकावतं, नाहीतर कोणीतरी विषय बदलतं. सरळ बोलणारा माणूस मला क्वचितच भेटला. म्हणून हा धागा.

मी चाकणहून बदली होऊन इकडे थायलंडला आलो. लाम चबांग बंदराच्या मागे वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत, तिथे पुण्याकडची बरीच मंडळी काम करतात. पटाया आमच्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी जायचं जवळचं गाव. एकेकाळी इथे कोळ्यांची वस्ती होती. १९५९ मध्ये ईशान्येच्या खोराटकडून अमेरिकन सैनिकांची एक तुकडी सुट्टीला इथे आली, पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात जवळच उटापाओचा मोठा हवाई तळ झाला आणि गावाचं रूप पालटलं. १९७८ मध्ये पटायाला वेगळा शहराचा दर्जा मिळाला.

नवख्यांसाठी थोडा भूगोल. किनाऱ्याला लागून बीच रोड, त्याच्या आत समांतर सेकंड रोड, आणखी आत सोई बुआखाओ. बीच रोडच्या दक्षिण टोकाला वॉकिंग स्ट्रीट, तिथे संध्याकाळनंतर गाड्या बंद. टेकडी ओलांडली की जोमतियन. वॉकिंग स्ट्रीट म्हणजे पटाया असं समजून लोक परत जातात, पण बुआखाओच्या गल्लीत बाटली जवळपास निम्म्या दरात मिळते आणि बोलणंही ऐकू येतं.

काय पाहिलंत, पैसे कुठे गेले, तिथल्या माणसांशी काय बोललात ते लिहा. कोणाची नावं नकोत. तिथे काम करणाऱ्यांचे फोटो तर मुळीच नकोत.

जालना, बी-बियाण्यांचं दुकान

आमच्या धंद्यात टार्गेट पूर्ण केलं की थायलंड हे आता ठरलेलं आहे. बसभर डीलर, सगळे ओळखीचे. पहिल्या रात्री टूरवाल्याने सगळ्यांना एका शोला न्यायचं ठरवलं होतं. मी आणि परतूरचा एक मित्र, आम्ही दोघं गेलोच नाही. आतल्या गल्लीत एक उघडा बार दिसला, वर पत्रे, मध्ये चौकोनी काउंटर, चारी बाजूंनी स्टुलं. तिथे बसलो.

काउंटरवर घंटा टांगलेली होती. देवळात शिरल्यावर हात आपोआप वर जातो, तसा मित्राचा हात गेला. काउंटरमागच्या बाईंनी त्याचं मनगटच धरलं. मग खुणांनी समजावलं: ही घंटा वाजवली की बारमध्ये बसलेल्या सगळ्यांना तुमच्या पैशाने एकेक पेला. त्या वेळी वीसेक लोक तरी बसले असतील. बाईंना गप्प राहून धंदा करता आला असता. त्यांनी केला नाही, हे मी गावी आल्यावर आवर्जून सांगितलं.

हिशोबाची पद्धत मला आवडली. प्रत्येक पेल्याची चिठ्ठी निघते आणि तुमच्यासमोरच्या छोट्या पेल्यात गुंडाळून ठेवतात. मध्येच काढून वाचायची, कोणी हरकत घेत नाही. आमच्यातले काहीजण दुसऱ्या दिवशी "फसवलं, फसवलं" म्हणत होते. विचारलं, चिठ्ठ्या पाहिल्या होत्या का? कोणीच पाहिल्या नव्हत्या.

त्या बाई बुरीरामच्या. ईसान म्हणतात तो ईशान्येचा कोरडवाहू भाग. फोनवर भाषांतर करत करत आमचं बोलणं भातावर आलं. त्यांच्याकडे हॉम माली हा सुवासिक भात, पावसावर येणारं एकच पीक, नोव्हेंबरच्या सुमारास कापणी. कापणीला त्या गावी जातात, वडिलांना माणसं मिळत नाहीत. मजुरी वाढली, भाव वाढला नाही. मी म्हटलं, आमच्याकडे सोयाबीनचं हेच रडगाणं आहे. सोयाबीनच्या शेंगेचा फोटो दाखवला तर त्यांनी ओळखला. मग त्यांच्यासाठी एक पेला मागवला. त्याला तिथे लेडी ड्रिंक म्हणतात. किंमत आपल्या पेल्यापेक्षा जास्त असते, कारण त्यातला ठरलेला वाटा त्यांच्या हातात पडतो. हे आधी माहीत असलं की मनात अढी राहत नाही. द्यायचं नसेल तर हसून नको म्हणा, त्याही सोडून देतात.

ठाणे, गृहिणी

आम्ही मैत्रिणी गेलो होतो, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. घरून एकच सूचना होती, संध्याकाळी सातनंतर हॉटेलबाहेर पडू नका. आम्ही सातलाच बाहेर पडलो.

टिफनीचा शो पाहिला. १९७४ पासून चालू आहे. रंगमंचावरच्या सगळ्या ट्रान्स कलाकार. मला सर्वांत जास्त काय भावलं असेल तर शिस्त. एक नाच संपून दुसरा सुरू होईपर्यंत पडदे, पोशाख, दिवे सगळं बदललेलं, आणि कुठे धावपळ दिसत नाही. माझ्या आजीने बालगंधर्वांना पाहिलं होतं. त्यांचं शालू नेसणं, मान वळवणं ती आम्हाला करून दाखवायची. त्या शोमध्ये एक संथ नाच होता, त्यात हाताच्या बोटांची हालचाल बघताना मला आजी फार आठवली.

मागच्या रांगेत आपलेच काही पुरुष "हा का ही?" करत खिदळत होते, चक्क मराठीत. मी मागे वळून सांगितलं, कलाकार आहेत त्या, बघायचं नसेल तर बाहेर जा. गप्प बसले. शो संपल्यावर कलाकार बाहेर अंगणात उभ्या राहतात, फोटो काढता येतो, त्याचे पैसे द्यायचे असतात. ती त्यांची कमाई आहे. फोटो काढून पळणारी माणसं मी पाहिली आणि मला लाज वाटली.

नंतर बीच रोडने चालत आलो. वाटेत भाजलेली माकुळं, मक्याची कणसं, चटया टाकून बसलेली थाई कुटुंबं. ग्राहकाची वाट पाहत उभ्या असलेल्या बायकाही होत्या. त्या आमच्याकडे बघून हसल्या, आम्हीही हसलो. कोणी अंगाला लागलं नाही, कोणी मागे आलं नाही. एक मात्र ऐका: गळ्यातली सोन्याची चेन आणि मंगळसूत्र हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. त्या रस्त्यावर आपल्या लोकांच्या चेन हिसकावल्याच्या तक्रारी नेहमी होतात, आणि चोरांना भारतीय गळा लांबून ओळखू येतो.

मालवण, सध्या पटायात भारतीय हॉटेलात कुक

मी आतला माणूस, म्हणून जरा लांबड लावतो.

आमचं किचन वॉकिंग स्ट्रीटपासून जवळ. रात्री एकनंतर खरी गर्दी. आता तिकडे हिंदी-पंजाबी गाणी लावणारे बरेच क्लब झालेत, सगळं गिऱ्हाईक आपलंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ झाला, तेव्हापासून तर विचारू नका. डिसेंबर २०२३ पासून परवानाधारक क्लबांना पहाटे चारपर्यंत मुभा मिळाली, म्हणजे आमची बिर्याणीपण चारपर्यंत.

आपल्या लोकांबद्दल थाई बारवाल्यांचं मत चांगलं नाही, हे मी रोज ऐकतो आणि मला ते लागतं. पाच जण येतात, एक बिअर मागवतात, दोन तास टेबल अडवतात. नाचणाऱ्या मुलींचा व्हिडिओ काढतात. गोगो बारमध्ये फोन काढायला सक्त मनाई असते, दारावर पाटी असते, तरी काढतात. मग सिक्युरिटीवाला येतो, हातातून फोन घेतो, आणि हे "आम्ही पैसे दिलेत" म्हणून आवाज चढवतात. पैसे बिअरचे दिलेत बाबांनो, त्या मुलीच्या चेहऱ्याचे नाही दिलेत. तिच्या गावी तिचा मुलगा शाळेत जातो, तो व्हिडिओ कुठे फिरेल तिला काय ठाऊक?

आणि घासाघीस. बाजारात कपड्यांवर करा, कोणी काही म्हणणार नाही. बारमध्ये दर छापलेला असतो.

चांगलंही पाहिलंय. कोल्हापूरकडचा एक म्हातारा गृहस्थ येऊन गेला, पैलवानी अंगाचा. बारमधल्या प्रत्येक माणसाला वाकून हात जोडायचा, निघताना भांडी घासणाऱ्या मावशींच्या हातात टिप द्यायचा. त्या मावशी अजून विचारतात, ते आजोबा परत येणार का.

आता कामाचं. व्हेप म्हणजे ई-सिगारेट आणू नका, या देशात बंदी आहे, पोलीस पकडतात आणि खिसा रिकामा होतो. दारू प्यायला वय वीस लागतं, क्लबच्या दारात पासपोर्ट विचारतात, फोनमध्ये फोटो ठेवा. माघ पूजा, विशाख पूजा अशा बौद्ध सणांना २०२५ पर्यंत बहुतेक बार बंद असायचे, मग नियम सैल झाला; तरी तारखा बघून तिकीट काढा. रस्त्यात हातात चित्रांचा कागद धरून "शो, शो" करणाऱ्याच्या मागे जिना चढून जाऊ नका. वर गेल्यावर बिल वेगळं निघतं आणि दार अडवतात. तसं झालंच तर टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५.

आमची ड्यूटी सुटली की समोरच्या गल्लीत खाओ तोम खायला जातो, भाताची पातळ पेज, वर मासळी. बारमध्ये काम करणाऱ्या मुली, बाउन्सर, मोटारसायकल टॅक्सीवाले, सगळे त्याच टेबलांवर. मेकअप पुसलेला, पायातली उंच सँडल काढलेली. कोणी कोणाला काही विकत नसतं. माझ्या पेजेची मला आठवण येते म्हणून मी ती खातो, आणि त्या ताटावर मला कोणी परका समजत नाही.

सांगली, आरोग्य क्षेत्रात काम केलेली

२००४ मध्ये बँकॉकला जागतिक एड्स परिषद झाली, त्यासाठी गेले होते. नंतर काही थाई कार्यकर्त्यांबरोबर पटायाला आले. बारमध्ये बसूनच बोलणं झालं, कारण त्यांची ड्यूटी तिथेच होती.

बऱ्याच लोकांचा समज असतो की तिथे वेश्याव्यवसाय कायदेशीर आहे. नाही. १९९६ च्या कायद्यानुसार तो गुन्हा आहे. डोळ्यांसमोर चाललेलं असतं आणि कागदावर नसतं, याचा भार पडतो तो काम करणाऱ्या बाईवर. उशीर झाला म्हणून पगार कापला, महिन्यात ठरलेली ड्रिंक्स भरली नाहीत म्हणून कापला, तर तक्रार कुठे करायची? बाईला ड्यूटीच्या वेळेत बाहेर न्यायचं तर बार फाइन म्हणून गिऱ्हाईक जी रक्कम भरतं ती बारची. बाईचं पुढचं ठरणं वेगळं. हे न कळल्याने आपले पुरुष "दोनदा पैसे घेतले" म्हणून भांडतात, आणि ती बाई एकटीच त्या भांडणात सापडते.

तिथल्या स्त्रियांची एम्पॉवर ही संघटना १९८५ पासून काम करते. इंग्रजीचे वर्ग हे त्यांचं सुरुवातीचं काम, कारण गिऱ्हाइकाशी बोलता आलं की नकार देता येतो. हे ऐकलं तेव्हा मी वही बंद करून नुसती ऐकत बसले. सरकारनेही १९९१ पासून देशभर शंभर टक्के कंडोमचा कार्यक्रम राबवला आणि नव्या लागणी झपाट्याने कमी झाल्या. आमच्या सांगलीत देहविक्री करणाऱ्या बायकांनी स्वतः उभं राहून जे केलं, त्याच्याशी याचं नातं मला जवळचं वाटलं. तिकडे मात्र सरकारचा बडगा जास्त होता, बायकांचा आवाज कमी. तिथल्या कार्यकर्त्या हे स्वतःच सांगत होत्या.

तुम्ही जा, बसा, प्या. समोर नोकरी करणारी बाई आहे, तिच्या नोकरीचे नियम तुमच्यापेक्षा कडक आहेत, एवढं ध्यानात असू द्या.

म्हापसा, गिटारवादक

पटायाच्या बँडबद्दल कोणीच लिहिलं नाही! जिथे लाइव्ह संगीत आहे तिथे मंचावर बहुधा फिलिपिनो बँड, कधी थाई. आमच्या गोव्याच्या वादकांनी मुंबईची हॉटेलं आणि बोटी गाजवल्या, तशीच ही माणसं आशियाभर वाजवत फिरतात. एका रात्री तीन-चार सेट, फर्माईश चिठ्ठीवर, समोर टिपचं भांडं. गायिका एका गाण्यात रॉक, पुढच्यात थाई भावगीत, त्याच्या पुढच्यात कोरियन. त्यांच्या आवाजात थकवा शोधूनही सापडला नाही.

ओळख झाल्यावर त्यांच्या गिटारवाल्याने मला वर बोलावलं. गेलो नाही. तिथे परदेशी माणसाला वर्क परमिटशिवाय काम करता येत नाही, आणि हौसेने वाजवणंही त्यात धरून पाहुण्यांवर कारवाई झालेली आहे. त्याला सांगितलं तर त्याने मान डोलावली. सेट संपल्यावर बाहेर पायरीवर बसून आम्ही वाजवलं, फक्त दोघांसाठी. टिपच्या भांड्यात नोट टाका, एवढंच म्हणेन.

नागपूर

मी आणि माझा जोडीदार जोमतियनला राहिलो. तिथल्या बारच्या गल्लीत आम्ही हात धरून बसलो होतो आणि शेजारच्या टेबलावरच्या थाई आजींनी आम्हाला त्यांच्या ताटातली सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर दिली. २३ जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी विवाह कायदेशीर झालाय. गावी आम्ही रूममेट आहोत.

सोलापूर, निवृत्त शिक्षक

आम्ही दोघंही दारू घेत नाही, शाकाहारी. तरीही रात्री मजेत गेल्या. शनिवार-रविवारी थेप्पप्रासितचा रात्रबाजार भरतो. ‘जे’ असं लिहिलेली पिवळी पताका दिसली की तिथे शाकाहारी मिळतं, कांदा-लसूणही नसतो. बारमध्ये बसलो तेव्हा शहाळं मागितलं, कोणी तोंड वाकडं केलं नाही. फिरायला बाकं असलेली निळी टमटम घ्यावी. भाडं विचारत बसू नका, चढा, उतरायचं तिथे बटण दाबा आणि सुटे पैसे द्या. विचारलंत की ती तुमची खास टॅक्सी होते.

रत्नागिरी

एप्रिलमध्ये सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला जायचा विचार आहे. १३ ते १५ तारखा गाठल्या की झालं ना?

धागाकर्ता

नाही, पटायात गणित वेगळं आहे. देशभरात पाण्याचा सण १५ ला आटोपतो, इथे तो लांबतो. १८ ला शेजारच्या नाकलुआत आणि १९ ला पटायात वान लाय, म्हणजे सणाचा समारोप, आणि तो शेवटचा दिवस सगळ्यात मोठा. बीच रोडला गाड्या चालत नाहीत. सकाळपासून लोक पिंपं आणि पिचकाऱ्या घेऊन उभे, बारमधल्या मुली रस्त्यावर येऊन गिऱ्हाइकांना भिजवतात, भिक्खूंना आणि म्हाताऱ्या माणसांना मात्र सोडतात. दुचाकी भाड्याने घेऊ नका, त्या आठवड्यात अपघात फार होतात. बँकॉकच्या एक्कमाई स्टँडवरून बस मिळते, पण १८ च्या आत पोहोचा. फोनला प्लास्टिकची पिशवी इथेच कोपऱ्याकोपऱ्यावर मिळेल.