टाळेबंदीत शेतकऱ्यांना मिळालेले पैसे नेमके कशाचे होते?

प्रश्न (सांगोला तालुका, जि. सोलापूर)

माझे वडील गेली बारा वर्षे दुसऱ्याची दोन एकर डाळिंबाची बाग निम्म्या वाट्याने करतात. मालक पुण्यात असतात. मार्च 2020 मध्ये हस्त बहाराचा माल तोडणीला आला आणि टाळेबंदी लागली. ठरलेला व्यापारी आलाच नाही. फळे झाडावर तडकू लागली, तेव्हा आई-वडिलांनी मोटारसायकलवर कॅरेट बांधून आसपासच्या वस्त्यांवर मिळेल त्या भावाने विकली आणि उरलेली बांधावर टाकली. औषधांची उधारी आम्ही पुढे दोन वर्षे फेडत होतो. एप्रिलमध्ये मालकांच्या खात्यावर 2000 रुपये जमा झाले, आमच्या खात्यावर काहीच नाही. ते पैसे नुकसानीचे होते का, आणि वडिलांनी अर्ज करायचा राहून गेला का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त कृषी सहायक, मोहोळ)

आपल्या वडिलांची कोणतीही चूक झालेली नाही, हे आधी सांगतो. ते 2000 रुपये पीएम किसान योजनेचे होते. या योजनेत वर्षाला 6000 रुपये तीन हप्त्यांत मिळतात. 26 मार्च 2020 रोजी गरीब कल्याण पॅकेज जाहीर झाले, त्यात एप्रिल ते जुलै या काळाचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच देण्याचे ठरले. म्हणजे पैसे लवकर आले, जास्तीचे आले नाहीत. शिवाय ही योजना जमीन ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेला वाटेकरी तिच्यात बसतच नाही, मग बागेत फवारणी कोणी केली आणि माल कोणी तोडला हे कोणी विचारत नाही. सव्वीस वर्षे बांधावर फिरल्यावर मला ही या योजनेतली सर्वांत मोठी उणीव वाटते. पीक कर्ज वेळेत फेडल्याची व्याजसवलत त्या वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली होती, पण तीही कर्ज ज्याच्या नावावर त्यालाच. आपल्या आईंचे जनधन खाते असल्यास एप्रिल ते जून दरमहा 500 रुपये आले असतील. पासबुक जरूर पाहावे.

उत्तर २ (डाळिंब बागायतदार, पंढरपूर)

साहेबांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त एक भर घालतो. बाजार बंद राहिल्याने झालेल्या तोट्याची भरपाई आम्हा मालकांनाही मिळाली नाही, कारण फळपीक विमा हवामानाच्या धोक्याला असतो, व्यापारी न येण्याला नाही. मदत झाली ती वाहतुकीत. ऑगस्ट 2020 पासून सांगोल्याहून किसान रेल्वेने माल जाऊ लागला, पुढे भाड्यात निम्मी सवलत मिळाली आणि 28 डिसेंबर 2020 रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधील शालिमारला निघाली. ही सोय खरोखर उपयोगाची होती आणि माल पाठवणारा वाटेकरी असला तरी तिचा लाभ घेऊ शकत होता. परंतु मार्च-एप्रिलमध्ये ज्यांची फळे कुजली, त्यांच्यासाठी ती फार उशिरा आली.

उत्तर ३ (वकील, सोलापूर)

दादा, त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने फळबागांसाठी हेक्टरी 25,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले होते. ती मदत कोरोनाची नव्हे, परंतु आपल्या बागेचा पंचनामा झाला असल्यास ती रक्कम मालकांकडे गेली असणार आणि निम्म्या वाट्याच्या व्यवहारात तिचा हिशोब मागणे गैर नाही. तोंडी व्यवहारात हे सिद्ध करणे कठीण जाते, म्हणून पुढच्या बहाराआधी लेखी करार करून घ्यावा आणि शासकीय मदत व विमा कसा वाटायचा, हे त्यात स्पष्ट लिहावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आईचे पासबुक काढून पाहिले. 500 रुपयांच्या तीन नोंदी आहेत. ते पैसे गॅस सिलिंडरसाठी आले असे ती इतकी वर्षे समजत होती. अतिवृष्टीत आमच्या बागेचा पंचनामा झाला होता, त्यावर वडिलांचीही सही आहे. रविवारी मालकांना फोन करतो.