प्रति: लंबवर्तुळाचं साइन?
तुम्ही म्हणालात की इलिप्टिक फंक्शन म्हणजे वर्तुळाऐवजी लंबवर्तुळावरचं साइन-कोसाइन. नाव फसवं आहे. लंबवर्तुळाच्या कंसाची लांबी काढताना जी इंटिग्रलं येतात, त्यावरून ते पडलं, एवढंच.

आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोडला मागावरची चादर बघा. नक्षी लांबीला परत येते आणि रुंदीलाही. साइन ही नुसती किनार, एकाच दिशेनं २π नंतर पुन्हा तीच. इलिप्टिक फंक्शन म्हणजे संमिश्र प्रतलावर (आडव्या अक्षावर वास्तव संख्या, उभ्यावर i च्या पटीतल्या काल्पनिक, i² = −१) पसरलेली अख्खी चादर.

दुसरी दिशा येते कुठून? dx/√(१−x²) चं इंटिग्रल उलटवलं, म्हणजे इंटिग्रलच्या किमतीवरून x काढला, की साइन मिळतं. आता x² च्या जागी x⁴ घ्या. x ऐवजी ix ठेवलं तर x⁴ तसाच राहतो, dx ला मात्र i चिकटतो. म्हणजे वास्तव अक्षावर जे आवर्तन (सुमारे ५.२४४), तेच काल्पनिक अक्षावरही! इंटिग्रल असं उलटवून बघायची युक्ती नॉर्वेचा गणिती आबेल यानं १८२७ मध्ये छापली. जर्मन गणिती याकोबीही त्याच सुमारास तिथं पोचला होता.

एक गंमत राहिलीच. या चादरीला भोकं, म्हणजे फंक्शन अनंताला जातं अशा जागा, लागतातच. नक्षीच्या एका चौकटीत फंक्शन कुठंच अनंताला गेलं नाही, तर ते सगळीकडेच मर्यादित राहील, आणि मग लिऊव्हिलच्या प्रमेयानं (अख्ख्या संमिश्र प्रतलावर गुळगुळीत आणि मर्यादित असलेलं फंक्शन बदलतच नाही) निव्वळ स्थिरांक, म्हणजे कोरं कापड. दर नक्षीत भोक असलेली चादर आमच्याकडं कोण घेणार, ते सोडा.